तपासणीपुरती नॉर्मल शुगर

परीक्षेच्या आदल्या रात्री पोरं जागतात, तशी आपल्याकडची शुगरची माणसं तपासणीच्या आदल्या दोन रात्री अर्धपोटी झोपतात. एरवी ताटात तीन भाकरी, त्या दोन दिवशी एक. चहा बिनसाखरेचा. संध्याकाळी अचानक चालायला जाणं सुरू. काही जण तर ‘उद्या रक्त द्यायचंय’ म्हणून रात्रीची गोळी एकाऐवजी दोन घेतात. सकाळी रिपोर्ट येतो, उपाशीपोटी ११२. घरात आनंद. माझ्या टेबलावर कागद ठेवताना आवाजच बदललेला असतो : “सायेब, शुगर तर नारमल आली की. आता गोळ्या कमी करा.”

हा लेख त्या ११२ विरुद्ध आहे.

आकडा खोटा नाही आणि लॅबनेही चूक केलेली नाही. पण तो एका सकाळचा आकडा आहे, आणि ती सकाळ तुम्ही सजवलेली आहे. अशाच पेशंटचा त्याच दिवशी एचबीए१सी केला आणि तो ९.२ निघाला, असं मी इतक्यांदा पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही. ९.२ म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरीने २१७ च्या आसपास होती. कागदावर ११२, अंगात २१७. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा रिपोर्ट वाचत नाहीत. त्या २१७ मध्येच मुरत असतात.

लातूरच्या लोकांना हे समजावताना मला फार लांबचं उदाहरण लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. त्या दिवशी कुणी तुमच्या घरातला भरलेला हंडा पाहून ‘लातूरला पाण्याची ददात नाही’ असं लिहून नेलं असतं, तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता? मांजरा धरणात तेव्हा काय शिल्लक होतं ते सगळ्या शहराला माहीत होतं. उपाशीपोटीची एक शुगर म्हणजे तो हंडा. एचबीए१सी म्हणजे धरणाची पातळी.

दोष एकट्या पेशंटवर टाकणं मात्र बरोबर नाही. ही सवय आमच्या पेशातल्या अनेकांनी लावली आहे. वर्षानुवर्षं ‘सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन या’ एवढंच सांगायचं, आलेल्या एका आकड्यावरून अर्धी गोळी वाढवायची किंवा कमी करायची, आणि आकडा जास्त आला की पेशंटला रागवायचं. रागावणाऱ्या डॉक्टरसमोर कोण खरी शुगर घेऊन येईल? माणूस चांगला आकडा घेऊनच येणार. मग त्या चांगल्या आकड्यावर गोळी कमी होते आणि पुढचे तीन महिने अंगात साखर मोकाट.

आता उपाशीपोटीची शुगर नेमकं काय सांगते ते पाहू. रात्री आपण काही खात नाही, तरी मेंदूला आणि बाकीच्या शरीराला साखर लागते. ती लिव्हर पुरवतं. पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीला लागतं तेव्हा काही हार्मोन वाढतात आणि लिव्हर जरा जास्त साखर सोडतं. निरोगी माणसात इन्शुलिन लगेच तिला आवर घालतं. टाइप दोनच्या मधुमेहात हा आवर ढिला पडलेला असतो. म्हणून रात्री काही न खाताही सकाळी १६० दिसू शकते. ‘डॉक्टर, रात्री तर मी पाणी पिऊन झोपले, मग साखर आली कुठून?’ असं विचारणाऱ्या मावशी खोटं बोलत नसतात. ती साखर त्यांच्या लिव्हरमधून आलेली असते. तेव्हा उपाशीपोटीची शुगर मुख्यतः रात्रीच्या लिव्हरचा हिशेब सांगते. दुपारच्या वरण-भातानंतर काय झालं, चारच्या चहा-खारीनंतर काय झालं, याबद्दल ती गप्प असते.

आणि आपली खरी गडबड तर तिथेच आहे. देशभर केलेल्या आयसीएमआर-इंडियाब या मोठ्या पाहणीत असं दिसलं की भारतीयांच्या रोजच्या उष्मांकापैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात. आपलं ताट आठवा. भाकरी, भात, सोबत पोहे नाहीतर सुशीला. एचबीए१सी सात-साडेसातच्या आसपास असतो तेव्हा त्यात मोठा वाटा जेवणानंतर चढणाऱ्या साखरेचाच असतो. उपाशीपोटी ११८ आणि जेवणानंतर २६० असलेली माणसं भरपूर आहेत. फक्त पहिला आकडा पाहिला तर ती सगळी ‘कंट्रोलमध्ये’.

जेवणानंतरची तपासणी आपल्याकडे होतच नाही असं नाही. होते, पण कशी? मुखेडहून, देगलूरहून किंवा किनवटहून माणूस पहाटेच्या एसटीने निघतो. नांदेडला पोहोचून, रांग संपून रक्त देईपर्यंत साडेदहा-अकरा वाजतात. रात्री आठला जेवलेल्या माणसाला तोवर पंधरा तास झालेले असतात. उपाशीपोटीच्या तपासणीला आठ तास पुरतात. जास्त उपाशी राहिल्याने रिपोर्ट जास्त ‘खरा’ येत नाही. मग तो हातगाडीवर एक प्लेट भजी किंवा नुसता चहा-बिस्कीट घेतो, पाऊण तासात परत लॅबमध्ये येतो आणि म्हणतो, “घ्या बाबा लवकर, एक वाजताची गाडी हाये.” घेणाराही घेतो. हा रिपोर्ट कशाचाच नाही. जेवणानंतरची शुगर म्हणजे जेवणाच्या पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी. शेवटच्या घासापासून नाही आणि घरातून निघाल्यापासूनही नाही. जेवणही रोजचंच हवं. तपासणी आहे म्हणून अर्धी भाकरी नको आणि डॉक्टरला दाखवायचंय म्हणून गुलाबजामही नको.

गोळीचंही असंच. काही जण रक्त द्यायचं म्हणून सकाळची गोळी सोडतात ती दिवसभरासाठीच सोडतात, मग जेवणानंतर २९० येते आणि ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. गोळी घेतलीच नव्हती तर लागू कुठून पडणार? काही जण याच्या उलट, घरून निघतानाच उपाशीपोटी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्शुलिन घेतात आणि रांगेत उभं असताना घाम फुटून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसतात. हे जिवावर बेतू शकतं. साधा नियम असा, की उपाशीपोटी रक्त द्या, मग रोज ज्या वेळी घेता तशी नाश्त्याच्या आधी गोळी किंवा इन्शुलिन घ्या, रोजचा नाश्ता करा, घड्याळ पाहा आणि दोन तासांनी दुसरं रक्त द्या. तुमच्या औषधाची वेळ वेगळी असेल तर आदल्या भेटीतच डॉक्टरांना विचारून ठेवा.

एक गोष्ट पेशंटला कुणी सांगत नाही. रक्त काढून साध्या नळीत तसंच ठेवलं तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात. तासाला साधारण पाच-सात टक्के साखर कमी होते. म्हणून शुगरचं रक्त राखाडी झाकणाच्या, फ्लोराइड असलेल्या नळीत घेतात. तिच्यातही पहिला तास-दीड तास थोडी घट होतेच. गावात सकाळी घेतलेलं रक्त मोटारसायकलवरून उन्हातून तालुक्याला आणि तिथून शहरात जात असेल, तर आलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो. रक्त घेताना ‘राखाडी झाकणाची नळी आहे ना?’ एवढं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कुणी रागावलं तर रागावू द्या.

आता एचबीए१सी. रक्तातल्या लाल पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं आणि रक्तातली साखर त्याला चिकटत जाते. साखर जितकी जास्त, तितकं चिकटणं जास्त. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून या तपासणीत मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. त्यातही शेवटच्या महिन्याचा भार जास्त. ६ म्हणजे सरासरी १२६, ७ म्हणजे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२, १० म्हणजे २४०. दोन रात्री उपाशी झोपून ही तपासणी फसत नाही. तिला उपाशी राहावंही लागत नाही, दुपारी जेवून आलात तरी चालतं. लांबून येणाऱ्या माणसाला सर्वांत सोयीची तपासणी हीच, आणि सर्वांत कमी सांगितली जाते तीही हीच!

हा आकडा डॉक्टरांचा छंद नाही. ब्रिटनमध्ये यूकेपीडीएस नावाचा अभ्यास झाला, ५,१०२ नव्या मधुमेही पेशंटवर. १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांचा एचबीए१सी दहा वर्षं सरासरी ७ राहिला, त्यांना ७.९ असलेल्यांपेक्षा डोळे-किडनीसारखे बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले. एका टक्क्याहूनही कमी फरक, तोही एका दिवसाचा नाही, दहा वर्षांचा. तपासणीच्या सकाळी तुम्ही खाली आणलेल्या चाळीस-पन्नास अंकांनी यातलं काहीही मिळत नाही.

एचबीए१सीचीही पूजा करू नका, हेही लगेच सांगतो. लोह कमी असलेला अ‍ॅनिमिया असेल, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये तो घरोघरी आहे, तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल, बराच रक्तस्राव झाला असेल, किंवा लाल पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर तो खोटाच कमी दिसतो. किनवट-माहूर भागात सिकलसेलचे पेशंट आहेत, त्यांच्यात हा आकडा भरवशाचा नाही. किडनी फार बिघडली असेल तरी नाही. अशा पेशंटमध्ये घरच्या मशीनवरचे वेगवेगळ्या वेळचे आकडेच पाहावे लागतात. म्हणून एचबीए१सी सोबत हिमोग्लोबिन पाहायला हवं. दोन्ही आकडे एकमेकांशी जुळत नसतील, म्हणजे घरी सगळं १३० च्या आत आणि एचबीए१सी मात्र ९, तर पेशंटला खोटारडा ठरवण्याआधी हिमोग्लोबिन पाहा, मशीन पाहा, आणि तो घरी कोणत्या वेळी तपासतो ते विचारा. बहुतेकदा तो फक्त सकाळीच तपासत असतो.

घरच्या मशीनबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे ‘ती मशीन काही खरी नसते’ आणि दुसरं म्हणजे दिवसातून सहा वेळा बोट टोचून, १४८ चे १५६ झाले म्हणून रात्रभर जागणं. मशीनसाठी जागतिक मानक आहे. साखर १०० च्या वर असेल तर १०० पैकी ९५ रीडिंग लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असली पाहिजेत. म्हणजे लॅबमध्ये २०० असेल तर मशीनवर १७० ही चालते आणि २३० ही चालते. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर थोडी जास्तच असते. तेव्हा मशीनवर १४८ आणि लॅबमध्ये १३९ आली तर कुणीही चोर नाही. १५६ आणि १४८ यांत फरकच नाही असं समजून झोपा.

मशीन बिघडते त्यापेक्षा पट्ट्या जास्त बिघडतात. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरात दुपारी काय तापमान असतं ते मी सांगायला नको. डबी माठाशेजारी, घरातल्या सर्वांत गार पण कोरड्या कोपऱ्यात ठेवा. झाकण घट्ट लावा. मुदत संपलेली पट्टी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. आणि हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच टोचा. केळं सोलून किंवा गूळ फोडून त्याच बोटाचं रक्त तपासलं, तर मशीन बोटावरची साखरही मोजते.

पट्टी महाग आहे, रोज परवडत नाही, हे मला मान्य आहे. म्हणून तर म्हणतो, ती रोज सकाळी एकाच वेळी वाया घालवू नका. आठवड्यातून एका दिवशी जोडी करा. दुपारच्या जेवणाआधी एक आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी एक. पुढच्या आठवड्यात रात्रीच्या जेवणाची जोडी. त्याच्या पुढच्या आठवड्यात नाश्त्याची. शेजारी काय खाल्लं ते लिहा. महिन्याला आठ पट्ट्या लागतील, आणि रोज सकाळच्या तीस पट्ट्यांपेक्षा त्या जास्त सांगतील. (इन्शुलिन घेणाऱ्यांना याहून जास्त वेळा तपासावं लागतं, त्यांनी हा हिशेब लावू नये.)

या जोडीने बरेच वाद घरातल्या घरात मिटतात. ‘ज्वारीची भाकरी कितीबी खा, शुगर वाढत न्हाई’ हे आमच्या भागातलं ब्रह्मवाक्य. ज्वारी मैद्यापेक्षा नक्कीच चांगली, पण तीही पिष्टच. दोन भाकऱ्या आणि चार भाकऱ्या यांतला फरक मशीनवर दोन तासांनी दिसतो. गुळाचा चहा तर मी दर आठवड्याला ऐकतो. गूळ ही साखरच आहे, रंग वेगळा आणि चव चांगली, एवढंच. पोटात गेल्यावर रक्ताला ती उसाच्या कोणत्या गुऱ्हाळातून आली ते कळत नाही. एकादशीचं तर विचारूच नका. साबुदाणा, भगर, रताळी! उपासाच्या दिवशी माझ्या पेशंटची शुगर एरवीपेक्षा जास्त असते. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, खिचडीच्या आधी आणि नंतर तपासून पाहा.

मग किती असावी? साधारणपणे उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, एचबीए१सी ७ च्या आत. पण हे चाळिशी-पन्नाशीच्या, बाकी धडधाकट माणसासाठी. पंच्याहत्तरीच्या आजींना हृदयाचा त्रास आहे, घरी त्या एकट्या असतात, जेवणाची वेळ ठरलेली नाही, तर त्यांचा एचबीए१सी ८ च्या आसपास असणं हा निष्काळजीपणा नाही, शहाणपण आहे. मुलगा पुण्याहून फोनवर ‘आईची शुगर अजून १५० का?’ म्हणून गोळी वाढवायला लावतो आणि आजी पहाटे बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडून घेतात. ७० च्या खाली शुगर म्हणजे कमी. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, असंबद्ध बोलणं, यातलं काही दिसलं की तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि तरीही कमी असेल तर पुन्हा द्यायची. इथे साखरच द्यायची, बिस्किटं किंवा भाकरी नंतर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

‘मधुमेह मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्यांचा बाजारही याच सकाळच्या आकड्यावर चालतो. पंधरा दिवस काढा, भात-भाकरी बंद, उपाशीपोटीची शुगर १०५, लगेच व्हिडिओ. वजन बरंच घटवून काही लोकांचा मधुमेह औषधाशिवाय काबूत राहतो, हे खरं आहे. पण त्याची व्याख्या ठरलेली आहे. साखरेचं कोणतंही औषध न घेता किमान तीन महिने उलटल्यावर एचबीए१सी ६.५ च्या खाली. त्यानंतरही दरवर्षी तपासणी. त्या व्हिडिओवाल्याला एवढंच विचारा : एचबीए१सी किती आला आणि गोळी कधी बंद केली? काढ्यात काय आहे तेही विचारा.

१४ नोव्हेंबरच्या आसपास गावोगावी शिबिरं लागतात. शिबिरात पाहतात ती कोणत्याही वेळेची शुगर. ती २०० च्या वर असेल आणि लघवी, तहान, वजन घटणं ही लक्षणं असतील तर मधुमेह आहे असं म्हणता येतं. बाकीच्यांना एका बोटाच्या टोचणीवर ‘आहे’ही म्हणता येत नाही आणि ‘नाही’ही. ज्याला शिबिरात १६५ सांगितली त्याला पुढची तपासणी कुठे करायची ते सांगितलं नाही, तर बॅनरचा खर्च तेवढा झाला. निदान पक्कं करायला उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, आणि लक्षणं नसतील तर असे दोन पुरावे लागतात.

राहिला पैशाचा मुद्दा. ‘गरिबाला एचबीए१सी परवडत नाही’ असं पेशंटपेक्षा डॉक्टरच जास्त म्हणतात. खाजगीत तिला साधारण चार-पाचशे रुपये पडतात, आणि औषध बदलत असेल तर तीन महिन्यांनी, सगळं स्थिर असेल तर सहा महिन्यांनी ती करायची असते. दर पंधरा दिवसांनी एसटीचं भाडं आणि रोजगार बुडवून केलेल्या एका उपाशीपोटीच्या शुगरचा खर्च वर्षाला मांडून बघा. ज्यांना तेही जमत नाही, त्यांनी नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत दाखवावं. तिथे रांग मोठी असते, दिवस जातो, हे खरं. गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही तिशीच्या पुढच्या माणसांची शुगर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे.

पुढच्या भेटीला येताना तयारी करू नका. नेहमीसारखं जेवा, गोळ्या लिहून दिल्या आहेत तशाच घ्या, आणि जोड्यांची वही सोबत आणा. त्यात २८० लिहिलेलं असलं तरी चालेल. गोळी किती लागते ते मला त्या २८० वरूनच ठरवता येतं. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतला अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन तपासा, आणि येताना मोजे घालून आलात तर ते काढायची तयारी ठेवा, तळपाय मी दर वेळी बघणार आहे.